मेल्यावर हसायचं असतं

आजवर मी कितीदा मेलो ते मला विचारू नका, माझ्या बायकोला विचारा. मी विसरलो. तिला सगळी मरणं पाठ आहेत.

चव्वेचाळीस वर्षं मी कन्नड सिनेमात आणि नंतर सीरियलमध्ये कामं केली. नायक कधीच नव्हतो आणि खलनायक होण्याइतका उंचही नव्हतो. मी मुलीचा बाप, पोस्टमास्तर, चष्मा काढून ‘आता सगळं देवाच्या हाती’ म्हणणारा डॉक्टर. मल्लेश्वरमच्या बाजारात लोक मला हमखास ओळखतात, पण कुठून ते त्यांना आठवत नाही. ‘तुम्ही आमच्या बँकेत होता ना?’ असं विचारतात. मी हो म्हणतो. उगाच कशाला कुणाचा हिरमोड करा.

अशा नटाच्या वाट्याला एक काम हटकून येतं, ते म्हणजे मरण्याचं. बाप मेल्याशिवाय गोष्टीतल्या मुलाला अक्कल येत नाही. मी क्षयाने मेलो, सुरीने मेलो, लॉरीखाली मेलो. सगळ्यात जास्त वेळा हार्टअटॅकने. डावा हात छातीवर, उजवा हात हवेत काहीतरी धरायला जातो, डोळे मोठे, मग गुडघे. त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. दिग्दर्शक नवीन पोरांना सांगायचे, अण्णा कसे पडतात ते बघा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रेताचं काम केलं की उठण्याआधी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. ‘कट’ म्हटल्यावरही कॅमेरामन थोडा वेळ कॅमेरा बंद करत नाही. मेलेला नट डोळे उघडतो, हसतो आणि मगच उठतो. हे सगळं खोटं होतं, असं वर कुणाला तरी कळवायचं असतं, एवढाच त्याचा अर्थ. मी शिकलेला माणूस आहे. पहिल्यांदा मेकअपवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा मी त्याची थट्टा केली होती. तरी हसलो.

घरी येऊन ही गंमत नव्या नवरीला सांगितली, तीच माझी चूक झाली. तिने ती गंमत म्हणून घेतलीच नाही. त्या दिवसापासून मी मरून घरी आलो की ती दार अर्धंच उघडायची आणि विचारायची, ‘हसलात ना?’ मी ‘हसलो’ म्हणायचो. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत, पुढे गॅसवर, आणि नंतर मला आत घ्यायची. माझं एकही मरण तिने पडद्यावर पाहिलं नाही. टीव्हीवर मी खोकायला लागलो की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि तिथून ओरडून विचारायची, ‘झालं का?’

आमचं घराणं तीनशे वर्षांमागे कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण अशी की पुण्याचा माणूस डोकं खाजवत बसेल. बायको माझ्याशी भांडते मराठीत, देवाशी बोलते कन्नडमध्ये. मला वाटायचं, देवालाही आमची मराठी कळत नसणार.

गेल्या वर्षी तिचा जबडा दुखायला लागला. डाव्या बाजूचा. मी म्हटलं, दाढ असेल. लवंगेचं तेल आणलं, कापसाचा बोळा करून दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘स्वल्प बरं आहे, पण जिना चढवत नाही.’ मी म्हटलं, वय झालं. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली आणि कणीक मळता मळता तशीच बसून राहिली, हात पिठात. छातीवर हात नाही, डोळे मोठे नाहीत, काही नाही. मी आणखी लवंग शोधत होतो.

मुलगी एचएसआर लेआउटला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती योगायोगाने आली होती. तिने आईकडे एकदा पाहिलं आणि गाडीच काढली. डॉक्टरांनी सांगितलं की तीन नळ्या बंद आहेत, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. मुलगी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना हार्टअटॅक करून दाखवला आणि माझ्या घरात तो आला तेव्हा त्याला लवंग दिली, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. सीरियलमध्ये मी सहा वर्षं आजोबा होतो आणि त्या आजोबांना मंगळवारी मारायचं ठरलं होतं. मधे दोन दिवस मोकळे होते, म्हणून मी फारसा घाबरलो नव्हतो. सोमवारी संध्याकाळी हॉस्पिटलने सांगितलं, उद्याच करू, थांबण्यात अर्थ नाही.

मी लगेच दिग्दर्शकाला फोन केला. तो माझ्या मुलीपेक्षा लहान, पण वागायला चांगला. म्हणाला, ‘सर, उद्या काढलेलं गुरुवारी लागतंय, हातात एकही भाग शिल्लक नाही. हॉल लावून झालाय. दोन तासांत सोडतो, तुमच्या पायाशी मी स्वतः उभा राहतो.’ चाळीस माणसं खोळंबणार होती. मी आयुष्यात एकदाही शूटिंग चुकवलं नव्हतं, आणि त्या गोष्टीचा मला नको तितका अभिमान होता.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘जावा. इथं बसून काय करणार? तुमचं तोंड बघून बाकीचे पेशंट घाबरतील.’ मग सहज विचारलं, ‘सीन काय आहे उद्या?’

‘नातीच्या लग्नाची बोलणी,’ मी म्हटलं. एक क्षणही थांबलो नाही. इतका सहज अभिनय मी कित्येक वर्षांत केला नव्हता.

‘मग चांगलं आहे,’ ती म्हणाली. ‘शुभ काम आहे.’

शूटिंगचं घर यशवंतपूरच्या पुढे, कारखान्यांच्या शेडमागे आहे. बाहेरून गोदाम, आत श्रीमंताचा दिवाणखाना. मी पोचलो तेव्हा मुलीचा निरोप आला होता, आत नेलं. मी पांढरं धोतर नेसलो, मेकअपवाल्याने ओठ करडे केले, नाकात कापूस घातला. सहायक दिग्दर्शिका म्हणून एक हुशार मुलगी होती, हुबळीकडची. मी माझा फोन तिच्या हातात दिला आणि सांगितलं, मुलीचा फोन आला तर घे, आणि शॉट चालू असला तरी माझ्या अंगठ्याला हात लाव. वाईट असेल तर नको लावूस. ती घाबरून ‘सरी सर’, म्हणजे बरं सर, म्हणाली. आता वाटतं, काय हे सांगणं तरी. त्या पोरीने काय करायचं होतं?

मला दिवाणखान्याच्या मधोमध झोपवलं. सुना रडायला लागल्या. शॉट लांबलचक होता, कारण प्रत्येक सुनेला स्वतःचं रडणं होतं. प्रेताने श्वास घ्यायचा तो पोटाच्या खालच्या भागातून, अगदी थोडा, आणि कुणी अंगावर पडून रडत असेल तेव्हा. हे मला येतं. त्या दिवशी येईना. छातीत असं धडधडत होतं की माझ्यावरची चादर हलतेय असं मला वाटलं. मधली सून छातीवर डोकं ठेवून रडत होती. तिला ते ऐकू येत असणार. ती आणखीच जोरात रडली, बिचारी.

तेवढ्यात फोन थरथरला. रिंग बंद होती, पण थरथर ऐकू आली. डोळे मिटलेले. मी वाट बघत राहिलो, अंगठ्याला कुणी हात लावेल म्हणून. थरथर थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. अंगठ्याला काहीच लागलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी दिवाणखान्यात हार घालून पडल्या पडल्या सगळं चिंतून घेतलं. तिला घरी आणलं, कुठे ठेवलं, कोण कोण आलं, तिच्या अंगावर कुठली साडी आहे, इथपर्यंत.

‘कट.’

कॅमेरामन जुना माणूस, माझी सात-आठ मरणं त्याने काढलेली. त्याने कॅमेरा बंद केला नाही. ‘अण्णा, स्वल्प नगि,’ म्हणाला. थोडं हसा. मी हसायच्या आतच उठलो आणि त्या मुलीकडे धावलो. धोतर पायात येऊन पडता पडता वाचलो. ती म्हणाली, ‘सर, मी उचलला, पण रेंज नव्हती, काही कळलंच नाही, म्हणून…’ मी फोन हिसकावला, शेडबाहेर उन्हात जाऊन लावला.

‘अप्पा, झालं,’ मुलगी म्हणाली. ‘बाहेर आणलंय. आयसीयूत आहे. डॉक्टर म्हणाले, नीट झालं.’

मी तसाच रिक्षात बसलो. मेकअप पुसला नाही, कपडे बदलले नाहीत. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. यशवंतपूरच्या पुलावर त्याने शेवटी विचारलं, ‘सर, कापूस?’ मी नाकातला कापूस काढला, मुठीत धरला, आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मी हसलो नव्हतो.

मी स्वतःला सांगितलं, मूर्खपणा आहे. डॉक्टरांनी नळ्या जोडल्या, माझ्या दातांचा त्यात काय संबंध. बुधवारी सकाळी तिला ताप आला. डॉक्टर म्हणाले, येतो कधी कधी. गुरुवारी वाढला. त्या दिवशी माझं मरण टीव्हीवर लागलं, मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्या बाजूला पाठ करून बसलो. शुक्रवारी डॉक्टर ‘बघू’ म्हणाले. हा शब्द मी पडद्यावर इतक्यांदा म्हटलाय की त्याच्या मागे काय असतं ते मला माहीत आहे. काचेतून ती दिसायची, नळ्यांमध्ये, तोंड उघडं, आणि ओठ करडे. माझ्या मेकअपवाल्याने लावला होता अगदी त्याच रंगाचे.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटायला लागलं, एक मरण उघडं राहिलंय. मी ते बंद न करता तसंच इथे घेऊन आलो. खोटं बोलून गेलो, आणि तेही तिच्याशी, ऑपरेशनच्या दिवशी. हे मुलीला सांगायची सोय नव्हती. तिने मलाच एखाद्या डॉक्टरला दाखवलं असतं.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला मुलीला ‘जरा घरी जाऊन येतो’ सांगितलं आणि यशवंतपूरला गेलो.

दिवाणखाना तसाच होता. फक्त भिंतीवर मी होतो, फ्रेममध्ये, प्लास्टिकच्या शेवंतीचा हार घालून. फोटो कधी काढला होता ते आठवलं, महिन्यापूर्वी, ‘ऑफिसच्या फाइलला’ म्हणून. शॉटची तयारी चालली होती. मला बघून सगळे थांबले. मग कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी कॉफी आणली.

दिग्दर्शक मला बाजूला घेऊन गेला. ‘सर, मी चॅनेलला सांगितलंय,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘फ्लॅशबॅक आला की पहिला फोन तुम्हाला. सध्या गोष्ट पुढे गेलीय.’

त्याला वाटलं, मी काम मागायला आलोय. माझे कान तापले. चव्वेचाळीस वर्षांत मी कुणाच्या दारात काम मागायला गेलो नव्हतो, आणि आता अख्ख्या युनिटपुढे तसा उभा होतो. खरं सांगावं तर ते त्याहून वाईट. मी ‘हो, हो, बघा’ म्हटलं. कामच मागतोय असं वाटू दिलं.

कॉफीचा कप घेऊन मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. ती हुबळीची मुलगी आली, अगदी अदबीने म्हणाली, ‘सर, स्वल्प सरकता का? तुमची सावली तुमच्या फोटोवर पडतेय.’

मी सरकलो. मला ते लागलं. इतकं लागलं की कप तिथेच ठेवून निघणार होतो. पण कॅमेरामन आला, म्हणाला, ‘अण्णा, त्या दिवशी राहिलं. म्हणून आलात ना?’ मी मान हलवली. बोललो असतो तर रडलो असतो. त्याने दिग्दर्शकाला काहीतरी थाप मारली, लाइट बघायचाय म्हणून, आणि कॅमेरा माझ्यावर फिरवला. ‘नगि अण्णा.’

मी हसलो. खांदे हलवून, डोळे बारीक करून, भरघोस हसलो. सेटवर दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरामनने मात्र डोळा कॅमेऱ्यावरून काढला आणि माझ्याकडे पाहिलं. ते जमीनदाराचं हसू होतं. कुठल्याशा सिनेमात मुलीचं लग्न ठरल्यावर हसलो होतो, ते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मी त्याला हात जोडले आणि निघालो.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तर मुलगी कॉरिडॉरमध्ये उभी. ‘अप्पा, ताप उतरला. साडेनऊलाच उतरला. उद्या वॉर्डात हलवतील.’ साडेनऊला मी रिक्षात होतो, सेटवर पोचलोही नव्हतो. म्हणजे माझ्या हसण्याचा कशाशी काही संबंध नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझी भीती फक्त जागा बदलून बसली. वाटलं, ताप हे काही खरं नव्हतं, खरं अजून यायचंय. ते खोटं हसू मला त्या वेळी न हसण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

रविवारी तिला वॉर्डात आणलं. छातीवर लांब टाके आणि पोटाशी धरायला एक घट्ट उशी. खोकला आला तर ती उशी छातीवर दाबून धरायची, शक्यतो खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही, अशी सिस्टरची ताकीद. दुपारी झाडू मारायला एक बाई आल्या. माझ्याकडे बघून त्यांचा झाडू थांबला. मग बायकोकडे बघून कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘अक्का, हे तर गुरुवारी गेले. मी रडले हो घरी. हार घातला होता, नाकात कापूस.’

बाई गेल्या. बायको छताकडे बघत होती.

‘मंगळवारचं ते?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘लग्नाची बोलणी म्हणालात.’

‘हो.’

आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. ‘हसलात ना?’

एवढी वर्षं तो प्रश्न दारात उभा राहून ऐकला आणि न अडखळता उत्तर दिलं. आता पुन्हा खोटं बोलण्याची हिंमत नव्हती. मी म्हटलं, ‘नाही.’

मग सगळं सांगितलं. फोन थरथरत होता आणि अंगठ्याला कुणी हात लावत नव्हतं. रिक्षात कापूस. चार दिवस मी काचेबाहेरून काय काय बघितलं ते. लवंगेचंही सांगितलं, त्याची मी माफी मागितली नव्हती, ती मागितली. शनिवारी गेलो, दिग्दर्शकाला वाटलं काम मागायला आलो. ‘आणि मी भिंतीपाशी उभा, तर ती पोर म्हणते, सर, सरका, तुमची सावली तुमच्या फोटोवर पडतेय.’

तिचे ओठ हलले. मला वाटलं दुखतंय. मी सिस्टरला हाक मारायला उठलो, तर तिने माझं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने उशी छातीवर दाबली, आणि ती हसत होती. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. ‘अय्यो,’ म्हणाली, ‘दुखतंय हो,’ आणि पुन्हा हसली. ‘तुमची सावली…’ एवढंच म्हणता आलं.

मी म्हटलं, पुरे, टाके जातील. म्हणता म्हणता मलाही हसू फुटलं. कसलं ते ठाऊक नाही. कुठल्याही सिनेमात मी तसा हसलो नव्हतो, आणि त्यात मी मोठ्याने रडतही होतो.

सिस्टर धावत आली. ‘काय चाललंय? यांनी हसायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?’

बायकोने उशी आणखी घट्ट धरली, श्वास जुळवला.

‘सरी, सिस्टर,’ ती म्हणाली. ‘यांचं राहून गेलं होतं. तेवढं होऊ द्या.’